एक जागा म्हणजे किती खोल्या?

(उधन्याच्या आपल्या मंडळात गणेशोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषण ठेवण्याची कार्यवाहांची युक्ती माझ्या लक्षात आली आहे. प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उठत नाही, म्हणजे मला श्रोते मिळालेच. तरीही मी फार वेळ घेणार नाही.

मी वक्ता नाही. जळगावच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतली, रेल्वेत लागलो आणि तेव्हापासून वसाहतींच्या भिंती, गटारे, पाण्याच्या टाक्या आणि गळकी छपरे हाच माझा संसार आहे. जुनी मंडळी अजून मला 'आयओडब्ल्यू' म्हणतात. हुद्द्याचे नाव बदलले, गळती तीच राहिली. त्यामुळे शाळा या विषयावर शिक्षणतज्ज्ञासारखे बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण विषय खोल्यांचा आहे, आणि खोल्या मला कळतात.

आपल्या सर्वांना ठाऊक आहे की वसाहतीमागच्या महापालिकेच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या जागा जूनमध्येच भरतात आणि नंतर येणाऱ्या पालकांना परत जावे लागते. त्यावर उपाय म्हणून मंडळापुढे एक प्रस्ताव आला आहे. मंडळाची शिल्लक आणि यंदाची वर्गणी मिळून शाळेच्या गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या बांधून द्याव्यात, दारावर मंडळाचे नाव लावावे, असा तो प्रस्ताव. त्यामागची भावना चांगली आहे याबद्दल दुमत नाही. परंतु त्या ठरावाला मी हात वर करणार नाही. का, एवढेच सांगायला उभा आहे.

आधी ज्यांना जागा मिळत नाही त्यांचे काय होते ते पाहू. आमच्या गँगमधल्या एका ट्रॅक मेंटेनरच्या मुलीचे नाव रुळापलीकडच्या शाळेत घालावे लागले. इकडच्या मुख्याध्यापिका बाईंचा त्यात काही दोष नाही. वर्ग भरलेला, बाकावर दोघींच्या जागी तिघी बसलेल्या, त्या तरी काय करणार? पलीकडची शाळा नकाशावर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. पण पायी जायचे तर पुलाखालच्या रस्त्याने मोठा वळसा आहे आणि पावसाळ्यात तिथे पाणी भरते. मग मुले काय करतात, हे मी सांगायला हवे असे नाही. संरक्षक भिंतीतले भगदाड आमच्या विभागाने किती वेळा बुजवले याचा हिशेब माझ्या वहीत आहे. आम्ही बुजवतो, ते पुन्हा पडते.

इथे बसलेल्या रेल्वेवाल्यांना माहीत आहे, दोन मार्ग शेजारी असले की धोका दुप्पट नव्हे, त्याहून जास्त होतो. एका मार्गावरून मालगाडी जात असते, तिच्या खडखडाटात दुसऱ्या मार्गावरची गाडी ऐकू येत नाही आणि तिच्या आड दिसतही नाही. मालगाडीचा शेवटचा डबा गेला की मूल पळत सुटते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रूळ ओलांडणे गुन्हा आहे. सहा वर्षांच्या पोरीला कलम काय वाचून दाखवायचे?

म्हणून मी या प्रश्नाकडे 'शाळा लहान पडते' एवढ्यापुरते पाहत नाही. जवळच्या शाळेत एक जागा कमी पडली की एक मूल रुळावर येते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखाली केंद्राने जे आदर्श नियम केले, त्यात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून चालत एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे. पण त्याच नियमात पुढे आणखी एक वाक्य आहे, ते सहसा कोणी वाचत नाही. वाटेत पूर, दरड, रस्ता नसणे किंवा लहान मुलांना एकंदर धोका असेल, तर तो टाळला जाईल अशा रीतीने शाळेची जागा ठरवावी आणि अंतराची मर्यादा कमी करावी, असे ते वाक्य आहे. आपल्या बाबतीत वाटेत दोन रूळ आहेत. हा मुद्दा कागदावर मांडण्यासारखा आहे, आणि मी सांगतो त्या कागदात तो पहिल्या पानावर यायला हवा. त्या कागदाकडे मी नंतर येतो.

आता संख्येचा प्रश्न. सुरतेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या पुढे गेली. मध्ये २००६ मध्ये शहराची हद्द वाढली हे खरे, तरी माणसे आली हेही खरेच. आपल्यापैकी निम्मे लोक धुळे, नंदुरबार, जळगावकडून याच ताप्ती लाइनने आले. लूमवर, मिलमध्ये, रेल्वेत लागले, मग भाऊ आला, मग भाचा आला. महापालिकेच्या शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवल्या, ही या शहराची मोठी गोष्ट आहे आणि ती आपण महाराष्ट्रात गेल्यावर सांगायला विसरतो. (आपल्यातले बरेच जण स्वतःच्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालून मराठी शाळेसाठी तळमळतात, त्याबद्दल आज बोलत नाही. प्रसाद मिळणार नाही.)

आता त्या दोन खोल्यांचा हिशेब करू. समजा, यंदा पहिलीला चाळीस मुले जास्त आली. एक जादा तुकडी काढली, एक खोली लागली. पुढच्या जूनमध्ये ती चाळीस मुले दुसरीत जाणार आणि पहिलीला नवी चाळीस येणार. झाल्या दोन खोल्या. तिसऱ्या वर्षी तीन. गुजरातमध्ये प्राथमिक शाळा पहिली ते आठवी आहे, म्हणजे आठव्या वर्षी आठ खोल्या आणि तीनशे वीस मुले. त्यात २०२३ पासून बालवाटिका आली, तिची एक धरा. नऊ. आज पहिलीत दिलेली एक जादा तुकडी म्हणजे पुढच्या काळातल्या नऊ खोल्यांचे वचन आहे. मंडळाच्या दोन खोल्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी संपतात. तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापिका पुन्हा आपल्या दारात, आणि आपली शिल्लक शून्य.

आपल्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर गाडीला डबे वाढवण्यासारखे आहे. प्रवासी म्हणतात गर्दी आहे, दोन डबे लावा. डबे यार्डात उभे असतात, लावायला तास लागत नाही. पण फलाट तेवढा लांब आहे का, लूप लाइनमध्ये गाडी मावते का, पिट लाइनवर धुलाईला पूर्ण उभी राहते का, डब्यांत पाणी भरायचे नळ शेवटपर्यंत आहेत का, हे आधी पाहावे लागते. शाळेचा फलाट म्हणजे शिक्षक, संडास, पाणी, जिना आणि मैदान.

शिक्षकांचे गणित कायद्याच्या परिशिष्टातच दिले आहे. पाचवीपर्यंत साठ मुलांना दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, दोनशेपर्यंत पाच, आणि दीडशेच्या वर गेल्यास वेगळा मुख्याध्यापक. दोनशेच्या पुढे दर शिक्षकामागे चाळीसपेक्षा जास्त मुले नकोत. सहावी ते आठवीला पस्तीस. आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली. म्हणजे एकशेवीस मुलांच्या शाळेत इयत्ता पाच आणि शिक्षक चार, हे कायद्यालाच मंजूर आहे! असो. मुद्दा असा की खोली आपण बांधू शकतो, शिक्षक बांधू शकत नाही. मंजूर पद नसेल तर नव्या खोलीत दुसऱ्या वर्गाच्या बाई दाराशी उभ्या राहून दोन्हीकडे पाहतील. आणि मुले वाढली की मधल्या सुट्टीत सगळी एकाच वेळी नळावर आणि संडासाकडे धावतात. मुलींचे संडास अपुरे असतील तर मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे घरातल्या बायकांना विचारा. इमारतीच्या नकाशात ते दिसत नाही.

आता गच्ची. शाळेच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवलेल्या आहेत, म्हणून वर मजला चढवायची सोय आहेच, असे आपल्यातल्या काहींचे म्हणणे आहे. मी त्या सळ्या पाहून आलो. त्या सळ्यांवरून एवढेच सिद्ध होते की बांधणाऱ्याच्या मनात कधी तरी वरचा मजला होता. पाया किती मजल्यांचा आहे ते नकाशा आणि हिशेब सांगतो. सुरतेची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरच्या पायाबद्दल अंदाजाने बोलू नये. शिवाय शाळेच्या खोलीचा भार घरापेक्षा वेगळा असतो. भारतीय मानकात राहत्या घराच्या फरशीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, वर्गखोलीला ३००, आणि शाळेच्या जिन्याला व व्हरांड्याला किमान ४००. जिन्याला जास्त का? घंटा झाली की सगळी शाळा जिन्यावर असते. कोणी सुचवले होते की रेल्वेची रिकामी क्वार्टर्स वर्गांसाठी मागा. मागण्याचा प्रश्न वेगळा, पण वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये चाळीस मुले बसवायला मी तयार नाही, त्याचे हे कारण.

२६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छचा होता, तरी सुरतेत इमारत पडून माणसे गेली. भूकंपाच्या हिशेबात शाळेची इमारत साध्या घरापेक्षा दीडपट महत्त्वाची धरतात, कारण ती दिवसा मुलांनी भरलेली असते.

आणि आगीबद्दल मी या शहरात जास्त काही सांगायची गरज नाही. २४ मे २०१९ ला सरथाण्यात व्यापारी इमारतीच्या वर, गच्चीवर वाढवलेल्या भागात शिकवणीचा वर्ग होता. खाली आग लागली, उतरायची वाट बंद झाली. बावीस मुले गेली. पोरे वरून उड्या मारताना आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. त्याआधी १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत छपराने पेट घेतला आणि चौऱ्याण्णव मुले गेली. दोन्ही ठिकाणी मुलांना बसवण्याची जागा वाढवली होती, बाहेर पडण्याची वाढवली नव्हती. आपल्या शाळेला जिना एकच आहे. एकाच जिन्यावर आणखी ऐंशी मुले चढवायची, डोक्यावर पत्रा, एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली भट्टी, आणि दारावर आपल्या मंडळाचे नाव. मला ते नाव तिथे नको आहे.

मग खाली, मागच्या मोकळ्या जागेत बांधावे का? तेही मी लगेच हो म्हणणार नाही. मैदान हीसुद्धा कायद्याने सांगितलेली गोष्ट आहे, आणि चाळीतल्या मुलांना दुसरे मैदान नाही. शिवाय ऑगस्ट २००६ चा पूर आपण विसरलेलो नाही, आणि आपल्या बाजूला खाडीचे पाणी तर त्यानंतरही शिरत आले आहे. जोते उंच हवे, नाही तर खोल्या बांधल्या आणि दर पावसाळ्यात दप्तरे वाळत घातली असे होईल. माझ्या मते मैदानाच्या एका कडेला, जुन्या इमारतीला न टेकता, दोन जिन्यांचा स्वतंत्र मजली ब्लॉक हाच खरा उपाय आहे. पायाच वरच्या मजल्यांचा घालायचा आणि खोल्या दरवर्षी मुलांबरोबर चढवायच्या. अर्थात तो महापालिकेने बांधायचा. जमीन त्यांची, इमारत त्यांची, आणि मजबुतीच्या दाखल्यावर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, माझ्यासारख्या पदविकावाल्याची चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, साहेब, महापालिका बांधेपर्यंत आमची मुले म्हातारी होतील. म्हणून मघाशी म्हटलेल्या कागदाकडे येतो.

प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तीन वर्षांचा, दरवर्षीच्या वेगळ्या भागासह. त्यात इयत्तावार किती मुले येतील याचा अंदाज, किती शिक्षक जास्त लागतील, किती खोल्या आणि साहित्य लागेल, आणि त्याला किती पैसे लागतील, हे चारही लिहायचे. सही करून आर्थिक वर्ष संपायच्या आत तो वर द्यायचा. अनुदानाची मांडणी या आराखड्यावरून व्हावी, असे कायदाच म्हणतो. आपल्या मागण्या आजवर तोंडी गेल्या आहेत, फार तर नगरसेवकांना दिलेल्या निवेदनातून. इकडे कागदोपत्री खोल्यांच्या कमतरतेला 'ओरडानी घट' म्हणतात. गुजरातीत ओरडो म्हणजे खोली. मराठी माणूस ते वाचतो आणि ओरडायला लागतो! ओरडून खोली मिळत नाही, घट आकड्यात दाखवावी लागते.

तो आकडा काढणे हे काम मंडळ करू शकते, आणि त्याला पत्र्यापेक्षा खूप कमी पैसे लागतात. मात्र तो नीट काढला पाहिजे. नुसते पहिलीचे गेल्या तीन वर्षांचे प्रवेश घेऊन सरासरी काढली तर फसगत होईल. एक तर परत गेलेली मुले त्या रजिस्टरात नसतातच. दुसरे, गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही. त्या वर्षी सहाला थोडे कमी असलेली मुले मागे थांबली आणि पहिलीची तुकडी बारीक झाली. ती बारीक तुकडी आता एकेक इयत्ता वर सरकते आहे, भरलेल्या गाडीच्या मध्ये एक रिकामा डबा लागावा तशी. उद्या कोणी अधिकारी म्हणाले, 'संख्या तर घटते आहे,' तर त्यांना हे दाखवता आले पाहिजे. तिसरे, आपल्याकडची काही कुटुंबे दिवाळीनंतर गावाहून येतात. वर्ष अर्धे झाले तरी प्रवेश नाकारता येत नाही, पण जूनच्या मोजणीत ही मुले सापडत नाहीत. म्हणून मोजणी घरोघर हवी. शून्य ते सहा वयाची मुले, जन्मतारखेसह. अंगणवाडीच्या ताईंकडची यादी ताडून पाहायची. एकाच मुलाचे नाव दोन शाळांत असेल तर एकदाच धरायचे.

मधल्या काळासाठी माझ्या दोन सूचना आहेत. शाळेने दोन पाळ्या कराव्यात अशी विनंती करू. मला दोन पाळ्या आवडत नाहीत. दुपारच्या पाळीतली मुले पेंगतात, आई लूमवर बारा तासांच्या पाळीला गेलेली असेल तर सकाळी त्यांना तयार कोण करणार, आणि जेवणाचेही वेळापत्रक दोनदा सांभाळावे लागते. तरी गच्चीवरच्या पत्र्यापेक्षा दोन पाळ्या बऱ्या. मात्र सुरू करतानाच त्या कोणत्या वर्षी बंद होतील ते आराखड्यात लिहून घ्यावे, नाही तर 'तात्पुरते' या शब्दाचे आयुष्य किती असते ते आपण रेल्वेत पाहतोच. दुसरी सूचना मंडळाच्या या सभागृहाची. तळमजला आहे, दोन बाजूंना दोन दारे आहेत, संडास आहे. शिक्षण समितीची परवानगी मिळाली तर बालवाटिका सकाळी इथे बसू शकेल आणि शाळेतली एक खोली पहिलीला मोकळी होईल. सजावटीचे सामान दुसरीकडे हलवावे लागेल. सजावट समितीचे चेहरे मला इथून दिसत आहेत.

आणि जी मुले आजच पलीकडे जातात, त्यांच्यासाठी पुलाखालच्या रस्त्याने सकाळी नेणारी आणि दुपारी आणणारी दोन माणसे मंडळाने मानधन देऊन ठेवावीत. शिलकीतला पहिला खर्च हा असावा. दुसरा खर्च जुन्या इमारतीच्या तपासणीचा, महापालिकेने मान्यता दिली तर. उरलेले पैसे बँकेत राहू द्या.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात चालवून पाहिले आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लावले. शेजारची नवसारी त्याच संस्थानात होती. मधली तेरा वर्षे पाहण्यात, मोजण्यात गेली. आपल्याला तेरा वर्षे नाहीत. डिसेंबर अखेर आराखडा तयार झाला तर तो मार्चच्या आत पुढे जाईल.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता इथूनच निघायचे. लूमची सुट्टी सगळीकडे एकाच दिवशी नसते, म्हणून जी घरे बंद सापडतील त्यांच्यासाठी संध्याकाळची दुसरी फेरी ठेवू. छापील तक्ते, पाट्या आणि पेन्सिली माझ्याकडे तयार आहेत. प्रत्येक गटात एक तरी बाई हवी, म्हणजे दार उघडले जाईल, आणि एक तरी अहिराणी बोलणारा हवा. मागच्या दोन गल्ल्यांत ओडिया कुटुंबे आहेत. त्यांची मुले वेगळ्या माध्यमात जातात, पण रूळ तीही ओलांडतात, त्यांनाही मोजायचे आहे. आमच्या गुड्स शेडमधले एक सहकारी त्यासाठी बरोबर यायला तयार झाले आहेत. बाकी नावे प्रसाद घेताना कार्यवाहांकडे द्यावीत.